बडोद्याहून परदेशी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर, कुठेही राहत असा, परदेशवारीचे ठरले की साधारण याच शंका निघतात. व्हिसाचे आणि शुल्काचे नियम मधूनमधून बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकावीच.

तिकिटाची ऑफर उद्या संपतेय. आधी तिकीट काढू का?

नको. ऑफर परत येते, व्हिसा नाकारल्यावर तिकिटाचे पैसे मात्र सहसा परत येत नाहीत. आधी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून मुदत बघा. बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. दोन कोरी पाने असलेली बरी. मुलांचे पासपोर्ट खास तपासा. मोठ्यांचा १० वर्षांचा असतो, लहानांचा ५ वर्षांचा, आणि तो कधी संपला हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. मोठ्यांच्या साध्या अर्जाचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. मुलाखत बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होते, वरचे कार्यालय अहमदाबादचे.

आईच्या आधारवर 'सुनंदाबेन' आहे, पॅनवर 'सुनंदा' आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. चालेल ना?

चालेल म्हणून गेलात तर खेटे पडतील. हा खास आपल्या बडोदेकर मराठी घरांचा प्रश्न आहे, पुण्याच्या लोकांना तो कळणारही नाही. इथल्या कचेरीत कारकुनाने सवयीने बाईच्या नावापुढे 'बेन' आणि पुरुषाच्या नावापुढे 'भाई' लावलेले असते. काही कागदांवर गुजराती पद्धतीने आडनाव आधी असते. आजोबांचे 'वसंतराव' एका कागदावर एक शब्द, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर नुसतेच 'वसंत'. भरीला लग्नात नाव बदलायची आपली जुनी रीत. दाखल्यावर कुमुद गोखले, रेशनकार्डावर सुनंदाबेन जोशी, आणि दोघी एकच हे सिद्ध करायचे ऐंशीच्या घरातल्या बाईने!

यावर उपाय एकच. घरात बसून एक नाव, एक क्रम, एक स्पेलिंग ठरवा आणि मग आधार, त्यानंतर पॅन, शेवटी पासपोर्ट, याच ओळीने दुरुस्त्या करा. आधी आधार, कारण बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघतात. नुसता 'बेन' काढायचा असेल तर फार अडत नाही. पहिले नावच बदलले असेल तर राजपत्रातली नोंद काढून ठेवा. ती एकदा झाली की पुढे बँक, वारसा, पेन्शन, सगळीकडे कामाला येते. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टावर संयुक्त अरब अमिराती पर्यटकाला प्रवेश देत नाही, म्हणजे दुबई गेली. आणि विमानाच्या तिकिटावर पासपोर्टवरचेच नाव अक्षर न अक्षर टाका. तिथे मायेने 'बेन' लावायला जाऊ नका.

पहिलाच परदेश. कुठे जावे?

जवळचा, एकच आणि निवांत. श्रीलंका किंवा व्हिएतनाम हे माझे उत्तर. श्रीलंकेत उड्डाण छोटे, भात-भाजी ओळखीची, आणि सिगिरियाचा किल्ला, कँडीतले बुद्धाचे दंतमंदिर, चहाचे मळे हे सगळे एका आठवड्यात सावकाश होते. व्हिएतनाममध्ये दा नांगला मुक्काम ठेवला की होई आनचे जुने गाव जवळ, आणि 'मी सन' या जागची, जुन्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरेही तिथून दिवसात बघून होतात. त्यांच्या जतनाचे काम आपल्या पुरातत्त्व खात्याने केले आहे. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकेरी प्रवेशाला २५ डॉलर. मात्र सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची बरीच संकेतस्थळे आहेत, ती दुप्पट-तिप्पट घेतात. पत्ता नीट वाचा.

नेपाळ-भूतानला पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येते. आधारवर विसंबू नका. भूतानमध्ये भारतीयाला माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. चौघांच्या कुटुंबाने ते हॉटेलच्या आधी बेरजेत धरावे.

युरोप पहिल्या खेपेला नको. दहा दिवसांत सात देश म्हणजे बसच्या खिडकीतून दिसलेला युरोप आणि सातही ठिकाणी सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर.

दुबई, सिंगापूर, बँकॉक झाले. बडोद्याच्या माणसाने वेगळे काय बघावे?

दोहा. हो, जिथे बहुतेक जण फक्त विमान बदलतात ते. तिथल्या कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला. हरणाच्या कातड्यावर रेशीम, त्यावर बसरा मोती पंधरा लाखांच्या घरात, मधूनमधून हिरे, माणके, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीला अर्पण करायचा मानस होता असे सांगतात. महाराज १८७० मध्ये गेले आणि गालिचा इथेच राहिला. पुढे प्रतापसिंहरावांच्या राणी सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला आणि २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात साधारण ५५ लाख डॉलरला विकला गेला. गंमत म्हणजे ते मोती मुळात कतार-बहरीनच्या समुद्रातलेच. तिकडून निघाले, बडोद्याला येऊन गालिचा झाले आणि माघारी गेले. मोती पिवळसर पडलेत, दिवे मंद ठेवलेत. काचेशी वाकून वेलबुट्टी बघितली की प्रत्येक मोती दोऱ्यात वेगळा ओवलेला दिसतो. लक्ष्मीविलास राजवाड्याची तिकिटे काढून पाहुण्यांना फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे बघायला हवे. अहमदाबादहून दोह्याला थेट विमान आहे. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, पण हॉटेल 'डिस्कव्हर कतार' या संकेतस्थळावरूनच आरक्षित केलेले लागते. लंडन-अमेरिकेला जाताना दोन रात्री थांबलात तरी पुरे.

दुसरे मॉरिशस. मधुचंद्राचे बेट म्हणून त्याची जाहिरात होते, पण मराठी माणसाला तिथे किनाऱ्यापलीकडे बरेच काही आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजूर घेऊन पहिले जहाज लागले, ती आगमनाची तारीख तिथे अजून पाळतात. पुढे गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे घरात क्रिओल ही तिथली भाषा बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. जमले तर गणपतीतच जा. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघा. बोटीतून उतरलेल्यांनी चढलेल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून तो जागतिक वारशात आहे. व्हिसा आधी काढावा लागत नाही, विमान मुंबईहून. लक्षात ठेवा, ऋतू उलटे. आपला उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळ्याकडे कल, आणि जानेवारी ते मार्च वादळांचा काळ.

तिसरे कंबोडियाचे अंकोर वाट. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने बांधलेले विष्णूमंदिर. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा लांबच लांब शिल्पपट्ट आहे. वासुकीला धरून ओढणाऱ्या असुरांचे आणि देवांचे चेहरे सावकाश बघत जा, मधे कूर्मावर उभा विष्णू. कीर्तनात ऐकलेली गोष्ट तिथे एकसलग भिंतीवर आहे. बरोबर लहान मूल असेल तर त्यालाच गोष्ट सांगायला लावा. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आणि तीन दिवसांचाच घ्या. वरच्या मजल्यावर खांदे-गुडघे झाकलेले लागतात आणि चढ उभा आहे, गुडघे दुखत असतील तर खालच्या ओवऱ्यांतच भरपूर बघायला आहे. डॉलर चालतात, पण कोपरा फाटलेली नोट कुणी घेत नाही.

लंडनला जाणारच असाल तर १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर विकत घेतले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या, आणि परत आल्यावर आपल्याच शहरात राहायला जागा न मिळालेल्या माणसाचे हे घर. सयाजीबागेच्या शेजारच्या संकल्पभूमीला, म्हणजे त्या अपमानानंतर त्यांनी संकल्प केला त्या जागी, कधी गेला नसाल, तर आधी तिथे जाऊन या.

आणि ममी बघायला इजिप्त म्हणत असाल तर एक ममी आपल्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्येच आहे. पिरॅमिडसाठी मात्र जावेच लागेल.

विमान अहमदाबादहून की मुंबईहून?

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाण नाही, तेव्हा दोन्हींपैकी एक. दुबई, दोहा, सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर असेल तर अहमदाबाद. एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा आहे, पण तो संपल्यावर शहर ओलांडून टर्मिनल २ गाठायला वेळ जातो. विमानाच्या ३ तास आधी तिथे हजर राहायचे, म्हणजे घरातून साधारण ६ तास आधी निघा. नवरात्रात रात्री निघणार असाल तर आणखी लवकर, गरब्याची गर्दी तुमच्या विमानासाठी थांबत नाही.

मुंबईहून असेल तर रेल्वेगाडी बोरिवलीला सोडा आणि तिथून टॅक्सी. दादरपर्यंत जाऊन उलटे येणारे लोक अजून भेटतात. तिकिटावर विमानतळ नीट वाचा, मुंबईला आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळही आहे.

व्हिसा लागत नाही म्हणजे कागद काहीच नको?

लागतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा अधिकारी कधीही मागू शकतो. शिवाय डिजिटल आगमन कार्ड. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सक्तीचे केले, मलेशिया आणि सिंगापूरचेही आहे. तिन्ही पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची आणि तिन्ही फुकट. पैसे मागणारे पान दिसले की बंद करा. सगळ्याची एक छापील प्रत हातातल्या पिशवीत असू द्या. फोनची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

शेंगेन व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा?

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे तो मागायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिले पाऊल टाकणार तिथे. 'अमक्याचा व्हिसा सोपा मिळतो' म्हणून एका देशाकडे अर्ज आणि प्रवास दुसऱ्याच देशात, असला सल्ला एजंट देतात. पुढच्या अर्जात तेच अंगाशी येते. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी जायचे तर फेब्रुवारीत लागा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. ब्रिटन आणि आयर्लंड यात येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा.

बँकेच्या खात्यात आदल्या आठवड्यात पाच लाख आणून ठेवायचे आणि विवरणपत्र जोडायचे, ही युक्ती करू नका. अधिकारी शिल्लक बघतो त्याहून जास्त पैशांची ये-जा बघतो.

फराळाचे काय काय नेता येते?

इथे जरा सविस्तर, कारण घरोघरी यावरूनच भांडणे होतात.

दुबईला अनारसे नेऊ नका. अमिरातींत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. अनारशाच्या एका अंगाला लावलेली खसखसही त्यात आलीच. लेकीच्या हौसेपायी आई गुपचूप डब्याच्या तळाशी ठेवते, तो डबा आधी उघडून बघा. गरम मसाला घरचा असेल तर त्यातही खसखस असते. बिनखसखशीचा वेगळा करून घ्या.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. तेलकट खोबरे पेट घेऊ शकते म्हणून ते ज्वालाग्राही मालात मोडते. ओटीसाठी नारळ तिकडच्या भारतीय दुकानातून घ्या.

लोणचे, तूप, पातळ चटणी हे सुरक्षा तपासणीत द्रव धरले जाते. १०० मिलीच्या वरची बाटली हातातल्या सामानातून काढून टाकतात, म्हणून चेक-इन बॅगेत. मेतकूट, तिखट, मसालेही तिथेच. लोणच्याच्या झाकणाला आतून प्लास्टिक, बाहेरून टेप, मग दोन पिशव्या. पॉवर बँक मात्र बरोबर उलट, ती हातातल्याच सामानात.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पेढे, बर्फी, खव्याचे काहीही नको. प्रत्येक खाण्याची वस्तू फॉर्मवर लिहा. लिहिली तर फार तर ती वस्तू जाते, लपवली तर दंड बसतो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. लिलो चेवडा बडोद्याची शान खरा, पण ओलसर असल्याने लांबच्या प्रवासात लवकर खराब होतो. भाकरवडी न्या, ती टिकते.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही, पण विमानापासून सावध राहा. जेवणाच्या पर्यायांत 'हिंदू मील' दिसले की आपली माणसे खुशीत ते निवडतात आणि ताटात कोंबडी येते. ते गोमांस नसलेले मांसाहारी जेवण असते. 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, कोड एव्हीएमएल, आणि किमान २४ तास आधी.

थायलंडमध्ये 'जे' म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेल्या त्या टपऱ्यांवर कांदा-लसूणही नसतो. एरवीच्या भाजीत माशाचा रस पडलेला असतोच. व्हिएतनाममध्ये 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली खानावळ शोधा. जपान अवघड. नुसत्या भाजीच्या सुपातही सुक्या माशाचे दाशी असते, म्हणून तिथे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

पैसे कसे न्यावेत? यूपीआय चालते का?

थोडी रोकड, बाकी कार्ड. बहुतेक देशांसाठी एका फेरीला माणशी ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन रोख नेता येते, आणि एवढे नेऊच नये. बँकेच्या ॲपमध्ये कार्डचा परदेशी वापर चालू करा, तो मुळात बंद असतो. दुकानदार मशीन पुढे करून 'रुपयांत घेऊ का?' विचारतो, तेव्हा नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. रुपयांतला तो दर नेहमी महाग पडतो. विमानतळावर फक्त टॅक्सीपुरते बदला. सहल कंपनीने घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, हा वेगळा खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना तो वजा होतो, पावती जपा.

यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, अमिराती, सिंगापूर, फ्रान्स इथे काही दुकानांत चालते. मिळाले तर छान. त्याच्या भरवशावर निघू नका.

आई-बाबांना बरोबर न्यायचेय. काय बघू?

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. लाजू नका. मोठ्या विमानतळांवर विमानापासून बाहेरपर्यंत चांगलेच चालावे लागते आणि वर इमिग्रेशनची रांग. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया खरी खरी लिहा, आणि आधीपासूनचे आजार धरलेत का ते पॉलिसीत वाचा. हॉटेलला लिफ्ट आहे का विचारा. युरोपातल्या जुन्या हॉटेलांत बरेचदा नसते. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप. वेळापत्रक त्यांच्या चालीने आखले की तुमचीही सहल बरी होते.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, आणि सगळी हातातल्या सामानात. कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके अमिरातींत पूर्वपरवानगीशिवाय चालत नाहीत.

टूर कंपनीबरोबर की आपले आपण?

भाषा आणि रस्ते सोपे असतील तर आपले आपण. टूरमध्ये जेवणाची चिंता नाही हे खरे, पण दुपार खरेदीच्या दुकानांत जाते. कंपनी घेतलीच तर करारात काय काय धरलेले नाही ते आधी वाचा.

फोनचे काय?

तिकडचे ई-सिम घ्या, पण आपला नंबर रोमिंगवर चालू ठेवा, डेटा बंद करून. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

येताना दुबईहून सोने आणता येते ना? बायकांना ४० ग्रॅम माफ असते म्हणे.

ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठवड्याच्या पर्यटकाला नाही. बिल घ्या, कस्टमच्या रेड चॅनेलला जा, शुल्क भरा. उलट, इथून भारी दागिने घालून जाणार असाल तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना तुमचेच दागिने तुमचे आहेत हे पटवत बसाल.

पासपोर्ट तिकडे हरवला तर?

आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची छायाप्रत, दोन फोटो वेगळ्या बॅगेत असले तर काम लवकर होते. काही देश बाहेर पडतानाही त्यांच्या इमिग्रेशनची परवानगी मागतात, तेव्हा विमानाची तारीख पुढे ढकलावी लागेल असे धरून चाला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.